दोन गिटारी आणि मधली फट

तार छेडली की सूर उमटतो आणि उमटल्या क्षणापासून विझायला लागतो. बासरीवाल्याला फुंकेची सोय आहे, व्हायोलिनवाल्याला गजाची. गिटारवाल्याच्या हाती छेडण्यापलीकडे काही नाही. चार रसिकांसमोर निवांत वाजवायचं असेल तर ते विझणंही गोड लागतं. पण समोर शेकडो पोरं पाय आपटत नाचताहेत, गायक नाही, शब्द नाहीत, सगळा खेळ एका चालीवर उभा आहे, अशा ठिकाणी विझणारा सूर परवडत नाही. १९६१च्या सुमारास कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या काही शाळकरी पोरांनी या अडचणीवर जे उपाय वापरले, त्यांतून उभ्या राहिलेल्या वाद्यसंगीताला पुढे सर्फ संगीत हे नाव पडलं.

अलिबागकराला हा आवाज समजून घ्यायला फार लांब जावं लागत नाही. वरसोली, थेरोंडा, बोडणी, कुठल्याही कोळीवाड्यात हळदीच्या रात्री बेंजो पार्टी लागली की तीच अडचण आणि जवळपास तेच उपाय कानावर पडतात. गाणारा नसतो. गाणं सगळ्यांना तोंडपाठ असतं, त्यामुळे शब्द नाचणाऱ्यांच्या मनात आणि चाल बेंजोवर. हा बेंजो म्हणजे अमेरिकेतलं गोल, कातडी मढवलेलं बँजो नव्हे. लांबट पेटीवर ताणलेल्या पोलादी तारा, त्यांच्यावर टाइपरायटरच्या धर्तीच्या कळा. डाव्या हाताने कळ दाबायची, उजव्या हातातल्या नखीने तार छेडायची. जपानमधल्या नागोया शहरात मोरिता गोरो यांनी १९१२ साली ताइशोगोतो नावाचं वाद्य बनवलं, त्याचा हा वंशज. भारतात ते बुलबुलतरंग झालं आणि पिकअप बसवून कोकण-मुंबईच्या रस्त्यावर उतरलं तेव्हा बेंजो झालं. रवी जाधव यांच्या २०१६च्या ‘बँजो’ चित्रपटात रितेश देशमुख जे वाद्य घेऊन दिसतो, ते हेच.

आता त्या पोरांकडे वळू. लॉस एंजलिसच्या नैर्ऋत्येला साउथ बे नावाचा किनारपट्टा आहे. रेडोंडो बीच, हर्मोसा बीच ही त्यातली गावं. तिथल्या पाच जणांनी ‘द बेल-एअर्स’ नावाचा गट काढला. पॉल जॉन्सन आणि एडी बर्ट्रँड गिटारवर, रिचर्ड डेल्व्ही ड्रमवर, जिम रॉबर्ट्स पियानोवर, चॅझ स्ट्युअर्ट सॅक्सोफोनवर. बास गिटार वाजवणारा कुणीच नाही. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. १९६१ साली आर्वी नावाच्या छोट्या कंपनीने त्यांची ‘मिस्टर मोटो’ ही तबकडी काढली. नाव कादंबऱ्या-चित्रपटांतल्या एका जपानी गुप्तहेराचं. चालीत मात्र जपानी काही नाही, सुरुवातीला स्पॅनिश फ्लॅमेंकोचा ढंग आहे. लॉस एंजलिसच्या आसपास ती गाजली, देशभर गाजली नाही, आणि म्हणूनच आज हा गट फक्त या प्रकारात बुडालेल्या लोकांना ठाऊक असतो.

त्याच वर्षी बाल्बोआच्या राँदेव्हू बॉलरूममध्ये डिक डेल गिटार वाजवत होता, ‘लेट्स गो ट्रिपिन’ त्याच वर्षीची, त्यामुळे पहिला कोण यावर तिकडे अजून दोन तट आहेत. मला त्या वादात रस नाही. डेल हा एकट्याने मैदान मारणारा गडी होता. बेल-एअर्समध्ये दोन बरोबरीच्या गिटारी होत्या आणि त्यांच्यात कामाची वाटणी कशी होती हे पाहिलं तर या संगीताची यंत्रणा उलगडते.

सर्फशी, म्हणजे फळीवरून लाटेवर स्वार होण्याच्या खेळाशी, संबंध नंतर आला. जॉन्सनने पुढे सांगितलेल्या आठवणीत, नाचायला आलेल्या एका लाटवीराने त्याला म्हटलं की लाटेवर असताना जसं वाटतं तसंच हे ऐकताना वाटतं. म्हणजे नाव श्रोत्यांनी दिलं. वाजवणारे लाटांची नक्कल करायला बसले नव्हते. अलिबागच्या किनाऱ्यावर बसून हे नाव सुचणं तसं कठीणच. आपला समुद्र उथळ, ओहोटीला माणसं चालत कुलाबा किल्ल्यात जातात. फळीवर उभं राहून स्वार व्हावं अशी लाट इथे बारमाही कुठली?

आता उपायांकडे. पहिला उपाय विजेचा. पिकअप म्हणजे कायमचुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली हजारो वेढ्यांची केसासारखी तांब्याची तार. वर ताणलेली पोलादी तार चुंबकाच्या सान्निध्याने स्वतःही थोडी चुंबकीय होते. ती हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं, आणि क्षेत्र हललं की वेढ्यांमध्ये वीज निर्माण होते, अगदी तार ज्या गतीने कंप पावते त्याच गतीने. गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली तर सेकंदाला साधारण ८२ कंपनं. ही क्षीण वीज अ‍ॅम्प्लिफायरने मोठी करायची आणि स्पीकरला द्यायची. म्हणून विजेच्या गिटारला नायलॉनच्या तारा चालत नाहीत, आणि म्हणूनच बेंजोला पिकअप इतका सहज बसला. त्याच्या तारा मुळात पोलादीच.

चुंबक आणि वीज यांचं हे नातं अलिबागला वेगळं सांगायला नको. इथली चुंबकीय वेधशाळा १९०४ साली सुरू झाली ती याच कारणाने. मुंबईत ट्राम विजेवर चालणार हे ठरलं, तेव्हा तिथल्या कुलाब्याच्या वेधशाळेतली पृथ्वीचं चुंबकत्व मोजणारी उपकरणं निकामी ठरणार हे नानाभॉय फ्रामजी मूस यांनी ओळखलं आणि काम खाडीपलीकडे अलिबागला हलवलं. गिटारच्या पिकअपला मात्र अलिबाग गाठता येत नाही. मांडवातल्या ट्यूबलाइटचा चोक, जनरेटर, दिव्यांच्या माळा या सगळ्यांची क्षेत्रं तो इमानाने पकडतो आणि स्पीकरमधून ‘हूं’ असा आवाज काढतो. आपल्याकडे वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, अमेरिकेत ६०. म्हणजे तिथली घरघर आपल्यापेक्षा जराशी वरच्या पट्टीत. बेंजोवाला वाजवण्याआधी पेटी जरा इकडे, जरा तिकडे फिरवून बघताना दिसतो, तो ही घरघर कुठे कमी होते ती दिशा शोधत असतो.

विजेने आवाज मोठा झाला, पण सूर लवकर विझतो ही तक्रार तशीच. दुसरा उपाय उजव्या हाताचा. सूर विझायच्या आत तोच पुन्हा छेडायचा, मग पुन्हा, खाली-वर-खाली-वर, इतक्या वेगाने की कानाला तुटक ठोके न वाटता एकच थरथरता लांब सूर वाटावा. सेकंदाला दहाच्या आसपास ठोके. इथे मनगट सैल हवं आणि नखी तारेत खोल जाता कामा नये. टोकाचा जेमतेम एखादा मिलिमीटर तारेला लागला पाहिजे. खोल गेली की ती अडकते, वेग मोडतो आणि हात कोपरापासून आखडतो. तारा जाड असल्या तर बरं. पातळ तार इतक्या माऱ्याखाली डोलते, तिचा सूर चढतो; जाड तार ताणात राहते. डेलच्या जाड तारा प्रसिद्ध होत्या.

बेंजोवाल्याचा उजवा हात जवळून पाहिला तर अगदी हेच दिसतं. त्याला तर हे करण्यावाचून गत्यंतर नाही. गिटारवर डाव्या हाताचं बोट तार ओढून सूर चढवू शकतं, थोडी मींड काढू शकतं. बेंजोच्या कळेला ते जमत नाही. कळ दाबली की सूर ठरला. म्हणून सगळा जीव उजव्या हातात येतो. कुठे एकच ठोका देऊन सोडायचं, कुठे चार ठोक्यांची झड लावायची, कुठे पूर्ण ओळ थरथरती ठेवायची, हा हिशेब चालीच्या लांब-आखूड अक्षरांवरून ठरतो. शब्द लोकांच्या मनात असतात असं वर म्हटलं, ते तिथे जागे करायचं काम या हिशेबाचं.

आणखी एक साम्य गंमतीचं आहे. बेंजोच्या चालीच्या तारा एकाच सुरात लावलेल्या असतात आणि कळ त्यांना एकदमच दाबते. थोडक्यात, सगळी चाल एकाच तारेच्या लांबीवर पुढे-मागे धावते. डिक डेलची १९६२ची ‘मिझरलू’ ऐका. पूर्व भूमध्य समुद्राकाठची ही जुनी चाल. डेलच्या वडिलांचं घराणं लेबनीज. तिची प्रसिद्ध सुरुवात तो जाड तारेवरच, हात वर-खाली सरकवत वाजवतो. तिचे स्वर आपल्या भैरव थाटाचे, कोमल रिषभ आणि कोमल धैवत, बाकी शुद्ध. बेंजो वाजवणाऱ्या कुणालाही ती शिकवावी लागणार नाही. एकदा ऐकली की बोटं कळा शोधतील.

इथवर एका गिटारची गोष्ट झाली. दुसरी गिटार काय करते?

‘मिस्टर मोटो’मध्ये चाल मुख्यतः बर्ट्रँडची लीड गिटार सांभाळते आणि जॉन्सन ऱ्हिदम वाजवतो. ऱ्हिदम म्हणजे मागे बसून तीन-चार स्वरांचे पुंजके खाजवत राहणं, असा आपल्याकडे समज आहे. नाचाच्या हॉलमध्ये हे काम त्याहून कितीतरी नेमकं असतं. तळव्याची कड घोडीजवळ तारांवर हलकेच टेकवायची आणि ठोका द्यायचा. सूर उमटतो पण लगेच गुदमरतो. ‘टुक्’ असा, सूर आणि थाप यांच्या मधला आवाज येतो. तळवा दोन-चार मिलिमीटर पुढे सरकला तर नुसती थाप उरते, मागे सरकला तर तार मोकळी वाजते; मधल्या त्या चिंचोळ्या जागेत हात टिकवून मिनिटंच्या मिनिटं वाजवणं ही खरी मेहनत. लीडवाल्याला जे हवं असतं, म्हणजे सूर टिकणं, त्याच्या नेमकं उलट ऱ्हिदमवाल्याला हवं असतं. त्याला सूर वेळेत मेलेला हवा. कारण नाचणारा ठोक्यावर नाचतो, पण ठोका कळतो तो दोन ठोक्यांच्या मधल्या फटीमुळे.

त्यात या गटाकडे बास नव्हता. खालच्या पट्टीतला भार उचलायला जॉन्सनला जाड तारांवर उतरावं लागे, आणि जाड तारा जास्त वेळ घुमतात. म्हणजे ज्या तारा सगळ्यात उशिरा विझतात, त्याच वेळेवर विझवायच्या. ही कसरत ऐकायची असेल तर ‘मिस्टर मोटो’ लावल्यावर पहिल्यांदा चालीकडे दुर्लक्ष करा आणि तिच्याखाली चालणारी ती टुकटुक धरा. एकदा सापडली की मग सुटत नाही. ड्रमबद्दल फार सांगण्यासारखं नाही: खाली एक धप्प, वर दोन लागोपाठचे टप-टप, हा या संगीताचा ठरलेला ठेका. आपल्या कोळीगीतांचा झोका सहा मात्रांचा, हा चार मात्रांचा सरळ. त्यामुळे एकाची चाल दुसऱ्यावर तशीच बसवायला गेलात तर पाय अडखळतील.

हा गिटारचा बाज मुंबईलाही पोचला होता. १९६५चा ‘गुमनाम’ घ्या. दिग्दर्शक राजा नवाथे, संगीत शंकर-जयकिशन. त्यातल्या ‘जान पहचान हो’मध्ये पडद्यावर टेड लायन्स अँड हिज कब्स हा वाद्यवृंद आहे, लक्ष्मी छाया नाचते आहे आणि विजेच्या गिटारची खणखणीत ओळ गाण्याला ढकलते आहे. पुढे २००१च्या ‘घोस्ट वर्ल्ड’ या अमेरिकन चित्रपटाची सुरुवातच या गाण्याने झाली आणि तिकडच्या गिटारवेड्यांनी ते डोक्यावर घेतलं. गाणं भन्नाट आहे, वादच नाही. पण तिथे गिटारवर खरी जबाबदारी पडत नाही. ती दार ठोठावते आणि आत येतो तो रफींचा आवाज; सूर टिकवण्याचं काम गळ्याकडे जातं. सिनेसंगीतात गायकाशिवाय पान हलत नव्हतं. निव्वळ वाद्यावर सगळी रात्र काढायची, ही परंपरा आपल्याकडे जगली ती हळदीच्या मांडवात आणि गणपतीच्या मिरवणुकीत, आणि तिची म्हणावी तशी दखल संगीतावर लिहिणाऱ्यांनी घेतलेली नाही.

तिसरा उपाय लोखंडी, आणि बेल-एअर्समध्ये भांडण लागलं ते त्याच्यावरून.

गिटारी बनवणाऱ्या लिओ फेंडरच्या कंपनीने १९६१ साली एक पेटी बाजारात आणली. गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्या मध्ये ती जोडायची. आत मुख्य चीज म्हणजे पत्र्याच्या उथळ खोक्यात दोन टोकांना टांगलेल्या बारीक स्प्रिंगा. हॅमंड कंपनीच्या ऑर्गनमध्ये ही कल्पना आधीपासून होती. गिटारची वीज एका टोकाच्या वेटोळ्यात जाते आणि तिथल्या इवल्याशा चुंबकाला पीळ देते. चुंबक स्प्रिंगेला जोडलेला, म्हणून तो पीळ स्प्रिंगेतून दुसऱ्या टोकाला धावतो. तिथे दुसरा चुंबक, दुसरं वेटोळं, पुन्हा वीज. पिकअपचंच तत्त्व, एकदा उलटं आणि एकदा सुलटं. या प्रवासाला सेकंदाचे तीसचाळीस सहस्रांश लागतात. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, तेव्हा हा उशीर पाच-सहा मीटरवरच्या भिंतीवर आपटून परत आलेल्या आवाजाइतका. पण पीळ दुसऱ्या टोकाला थांबत नाही, तो परत फिरतो, पुन्हा येतो, दर फेरीला क्षीण होत जातो. स्प्रिंगेतून सगळे स्वर सारख्या वेगाने जात नाहीत, कुणी पुढे, कुणी मागे, म्हणून तोडलेला ठोका दिला की ‘टक्’च्या जागी ‘प्लिक्’ असा पाण्याचा थेंब पडल्यागत आवाज येतो. पेटी हलवली किंवा तिला पाय लागला तर स्प्रिंगा एकमेकींवर आपटून गडगडाट होतो, तो वेगळाच.

फेंडरच्या त्या पेटीवर तीन बटणं होती: स्प्रिंगेत किती जोर घालायचा, मूळ आवाजात ती घुमणूक किती मिसळायची, आणि तिची धार किती ठेवायची. पहिलं बटण चढवून तळव्याने दाबलेला ठोका दिला की तो ओला आवाज मिळतो. आज सर्फ संगीत म्हटलं की बहुतेकांच्या कानात हाच आवाज येतो. मौज अशी की ‘मिस्टर मोटो’मध्ये तो नाही. ती तबकडी कोरडी आहे.

बर्ट्रँडला ही पेटी हवी होती. डेलचा मोठा, ओला आवाज त्याने ऐकला होता आणि पुढचा रस्ता तोच आहे हे त्याला दिसत होतं. जॉन्सनला ती नको होती. यावरून दोघांचं बिनसलं आणि १९६३ साली गट फुटला. हा किस्सा सांगताना एकाला नव्याचा भोक्ता आणि दुसऱ्याला हटवादी ठरवायची पद्धत आहे. मला ती पटत नाही. दोघांची कामं आठवा. लीडवाल्याच्या हातात विझणारा सूर आहे. स्प्रिंग त्याला फुकट लांबी देते, दोन ठोक्यांमधली पोकळी भरून काढते. बर्ट्रँडला ती गोड लागणारच. ऱ्हिदमवाल्याने मात्र ती पोकळी तळव्याने मोजून मोजून तयार केलेली असते. स्प्रिंग तीच बुजवते. दोन्ही गिटारींनी एकमेकींच्या फटीत बोलायचं, हीच जर तुमची रचना असेल, त्यात बास नसेल, तर घुमणूक वाढली की दोन गिटारींचा एक चिखल होतो. जॉन्सनची हरकत कानाची होती, आणि त्याच्या जागेवरून ती बरोबर होती.

मांडवातही हा प्रश्न रोजचा आहे, फक्त स्प्रिंगेऐवजी आता मिक्सरवर इकोचं बटण असतं. किनाऱ्यालगतच्या मोकळ्या जागेत आवाज परत फिरवायला भिंत नसते. बेंजो सुका, किरटा वाटतो, तिथे इको वाढवणं रास्त. तीच पार्टी कोळीवाड्याच्या गल्लीत शिरली की दोन्ही बाजूंच्या घरांच्या भिंती इको फुकट देतात. अशा वेळी बटण तसंच चढवून ठेवलं की झड ऐकू येत नाही, नुसतं भणभण. बऱ्याच पार्ट्यांचा बेंजो तिथेच हरवतो आणि मग त्याची भरपाई म्हणून आवाज आणखी वाढवला जातो. जाणता वाजवणारा गल्लीत वळताना आधी इको खाली घेतो.

गट फुटल्यानंतरचं थोडक्यात. ड्रमवाला डेल्व्ही आधीच बाहेर पडून ‘द चॅलेंजर्स’मध्ये गेला होता. त्यांचा ‘सर्फबीट’ हा अल्बम १९६३चा, आणि तो बेल-एअर्सच्या कुठल्याही तबकडीपेक्षा जास्त लोकांपर्यंत पोचला. बर्ट्रँडने ‘एडी अँड द शोमेन’ काढला, हवी तेवढी घुमणूक घेतली, आणि त्यांची गाजलेली एक तबकडी आहे ‘स्क्वॉड कार’. ती चाल पॉल जॉन्सनची. भांडण पेटीचं होतं, चालींचं नव्हतं. ‘मिस्टर मोटो’ आणि ‘स्क्वॉड कार’ लागोपाठ लावा. दुसरीत लीड गिटार किती रुंद झाली आहे ते पहिल्या काही सेकंदांतच कळेल. मग तिच्या खालची ऱ्हिदम गिटार शोधायचा प्रयत्न करा. पहिल्या तबकडीपेक्षा कान बराच जास्त ताणावा लागेल.